प्रवासी डब्यांचे रूपांतर (उद्यान रेल्वे)

प्रवासी डब्यांचे रूपांतर म्हणजे बाजारात मिळणाऱ्या प्रतिकृती-डब्याची काटछाट, जोडणी व फेरबदल करून त्यापासून वेगळ्या प्रकारचा, वेगळ्या रेल्वेचा किंवा वेगळ्या कालखंडातील डबा तयार करणे. अशा डब्याला दारांच्या मुठी, कठडे, पायऱ्या, दिवे, आसने, रंगपट्टे, क्रमांक इत्यादी बारकावे जोडण्याच्या कामाला तपशीलकाम म्हणतात. घरातील टेबलावर मांडलेल्या छोट्या रेल्वेसाठीही ही दोन्ही कामे केली जातात. उद्यान रेल्वेत, म्हणजे बागेत किंवा अंगणात उघड्यावर टाकलेल्या रुळांवरील प्रतिकृती-रेल्वेत, मात्र त्यांचे नियम बदलतात. येथील डब्याला ऊन, पाऊस, धूळ, तीव्र वळणे आणि वारंवार होणारी हाताळणी सोसावी लागते. त्यामुळे मूळ डब्याशी साम्य आणि प्रत्यक्ष धावण्याची क्षमता यांत तोल साधणे हा या कामाचा गाभा मानला जातो.

मराठी बोलीभाषेत ‘बोगी’ हा शब्द संपूर्ण डब्यासाठीही वापरला जातो. या लेखात तो डब्याच्या दोन्ही टोकांखाली बसवलेल्या, स्वतःभोवती वळू शकणाऱ्या चारचाकी गाड्यासाठी वापरला आहे. ‘गेज’ म्हणजे दोन रुळांमधील अंतर आणि ‘प्रमाण’ म्हणजे मूळ वस्तू व प्रतिकृती यांच्या आकारांचे गुणोत्तर.

== पार्श्वभूमी ==

बागेत प्रतिकृती-रेल्वे चालवण्याचा छंद ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आढळतो. १९६८ मध्ये पश्चिम जर्मनीतील न्यूरेम्बर्ग येथील अर्न्स्ट पॉल लेहमान या खेळणी-उत्पादक कंपनीने ‘एलजीबी’ या नावाने ४५ मिमी गेजची, उघड्यावर टिकणारी प्लॅस्टिकची रेल्वे बाजारात आणली. त्यामुळे उद्यान रेल्वे सर्वसामान्य छांदिष्टांच्या आवाक्यात आली. ब्रिटनमध्ये त्याच सुमारास नॅरोगेज रेल्वेच्या, वाफेवर चालणाऱ्या प्रतिकृतींचा स्वतंत्र प्रवाह वाढला. त्यात मूळच्या १ फुटास १६ मिमी हे प्रमाण रूढ झाले.

कारखान्यात तयार होणारे डबे मोजक्याच रेल्वेंचे असतात. एखाद्या लहानशा, बंद पडलेल्या किंवा दूरदेशीच्या रेल्वेची गाडी उभी करायची असेल, तर डबा पूर्णपणे नव्याने बांधणे किंवा उपलब्ध डब्याचे रूपांतर करणे हे दोनच मार्ग उरतात. चाके, तळसांगाडा आणि छत तयार मिळत असल्याने रूपांतराचा मार्ग तुलनेने सोपा ठरतो. म्हणून नवशिके बहुधा येथूनच सुरुवात करतात.

== प्रमाण आणि गेज ==

उद्यान रेल्वेत ३२ मिमी आणि ४५ मिमी ही दोन गेज सर्वाधिक वापरली जातात. एकाच गेजवर अनेक प्रमाणांच्या गाड्या चालतात. रूपांतर करताना गोंधळ होतो तो प्रामुख्याने यामुळेच. प्रचलित जोड्या पुढीलप्रमाणे आहेत:

* १:३२, ४५ मिमी – प्रमाण गेज (१,४३५ मिमी) असलेल्या रेल्वेसाठी.
* १:२२.५, ४५ मिमी – मीटर गेज रेल्वेसाठी. एलजीबीचे मूळ प्रमाण.
* १:२०.३, ४५ मिमी – ३ फूट गेजच्या, विशेषतः अमेरिकी नॅरोगेज रेल्वेसाठी.
* १:१९, ३२ मिमी – २ फूट (६१० मिमी) गेजच्या रेल्वेसाठी. ‘१६ मिमी प्रमाण’ ते हेच.

गेज जुळले म्हणून प्रमाणही जुळेलच असे नाही. ४५ मिमी रुळांवर धावणारा १:३२ प्रमाणाचा डबा १:२०.३ प्रमाणाच्या इंजिनामागे खुजा दिसतो. याची सोपी कसोटी म्हणजे माणसाची आकृती. १.७२ मीटर उंचीचा प्रवासी १:१९ प्रमाणात सुमारे ९० मिमी, १:२२.५ मध्ये सुमारे ७६ मिमी आणि १:३२ मध्ये सुमारे ५४ मिमी उंच होतो. अशी आकृती दाराशेजारी उभी केली असता डबा कोणत्या प्रमाणात शोभेल हे लगेच कळते. दाराची उंची आकृतीपेक्षा कमी भरत असेल, तर खिडक्या-दारांची मांडणी बदलल्याशिवाय ते रूपांतर पटण्याजोगे होत नाही.

== वळण आणि डब्याची लांबी ==

बागेतील जागा मर्यादित असल्याने रुळांची वळणे मूळ रेल्वेच्या मानाने फार तीव्र असतात. सुरुवातीच्या संचांतील सर्वांत लहान वळणाची त्रिज्या सुमारे ६०० मिमी असते. बऱ्याच बागांत ती १ ते १.५ मीटरच्या दरम्यान ठेवली जाते. डबा किती लांब असू शकेल हे पुष्कळदा मूळ आराखड्याऐवजी हे वळणच ठरवते.

वळणावर डब्याचा मधला भाग आतल्या बाजूस सरकतो आणि दोन्ही टोके बाहेर झुकतात. मधला भाग किती सरकेल हे काढण्यासाठी दोन बोगींच्या केंद्रांमधील अंतराचा वर्ग करून त्याला त्रिज्येच्या आठपटीने भागतात. टोकांसाठी डब्याच्या अर्ध्या लांबीच्या वर्गातून बोगी-अंतराच्या निम्म्याचा वर्ग वजा करून बाकीला त्रिज्येच्या दुपटीने भागतात. दोन्ही सूत्रे अंदाजी असली तरी बागेच्या कामाला पुरेशी ठरतात.

इंग्लंडमधील लिंटन अँड बार्नस्टेपल या सुमारे २ फूट गेजच्या रेल्वेचे डबे ३९ फूट ६ इंच लांब होते. १:१९ प्रमाणात ही लांबी ६३२ मिमी होते. बोगी-अंतर ४२० मिमी धरल्यास १.२ मीटर त्रिज्येच्या वळणावर असा डबा मध्यभागी सुमारे १८ मिमी आत आणि टोकांशी सुमारे २३ मिमी बाहेर जातो. शेजारचा रूळ, बोगद्याचे तोंड, फलाटाची कड आणि कुंड्या यांना तो घासण्याची शक्यता असते. तोच डबा एक-दोन कप्पे कमी करून ५०० मिमी लांबीचा केला आणि बोगी-अंतर ३३० मिमी ठेवले, तर हे आकडे अनुक्रमे सुमारे ११ आणि १५ मिमीवर येतात.

अशा प्रकारे लांबी घटवताना रुंदी, उंची व खिडक्यांचा आकार तसाच ठेवून संपूर्ण कप्पे वगळण्याची पद्धत आहे. प्रत्येक खिडकी थोडी थोडी अरुंद केल्यास डब्याची ठेवणच बदलते. कप्पा वगळल्यास मात्र खिडक्या व दारांची लय टिकते आणि लांबीतील घट सहजासहजी लक्षात येत नाही.

== मूळ डब्याची निवड ==

रूपांतरासाठी डबा निवडताना छताची वक्रता, बाजूच्या भिंतींची उंची आणि खिडक्यांमधील अंतर या तीन बाबी पाहिल्या जातात, कारण त्या नंतर बदलणे अवघड असते. चाके, जोडण्या, पायऱ्या, कठडे आणि रंग मात्र सहज बदलता येतात. प्लॅस्टिक कोणते आहे हेही तपासावे लागते. एबीएस आणि पॉलिस्टायरिन द्रावक चिकटद्रव्याने पक्के जुळतात. पॉलिप्रॉपिलीन व पॉलिइथिलीनवर मात्र सामान्य चिकटद्रव्ये व रंग धरत नाहीत.

काम सुरू करण्यापूर्वी मूळ रेल्वेतील एक विशिष्ट डबा आणि एक विशिष्ट काळ निश्चित केला जातो. खऱ्या डब्यांतही त्यांच्या हयातीत वारंवार बदल होत असत. रंग, क्रमांक, दिवे आणि आसनव्यवस्था दर काही दशकांनी बदलत असे. दोन काळांतील छायाचित्रे एकत्र पाहून बांधलेला डबा कोणत्याच काळात अस्तित्वात नव्हता, असे होऊ शकते. लिंटन अँड बार्नस्टेपल रेल्वे १९३५ मध्ये बंद झाल्यावर तिचा एक डबा वेल्समधील फेस्टिनियोग रेल्वेने १९५९ मध्ये घेतला आणि उपाहारगृहाच्या डब्यात बदलला. तोच डबा दोन्ही रेल्वेंच्या प्रतिकृतींत येऊ शकतो. मात्र दोहोंत त्याचे रूप वेगळे असते.

जुन्या, दुर्मीळ आणि सुस्थितीतील प्रतिकृतींना संग्राहकांच्या दृष्टीने मोल असते आणि एकदा कापलेला डबा पूर्ववत होत नाही. त्यामुळे रूपांतरासाठी मोडके, भाग हरवलेले किंवा मोठ्या संख्येने उत्पादित झालेले डबे वापरण्याची प्रथा आहे.

== रूपांतराच्या पद्धती ==

=== लांबी बदलणे ===

लांबी कमी करण्यासाठी एका डब्याचा मधला भाग काढून उरलेली टोके जोडतात, तर वाढवण्यासाठी दोन डब्यांचे तुकडे एकत्र करतात. काप खिडकीच्या किंवा पट्टीच्या मधून न घेता दाराच्या चौकटीलगत अथवा उभ्या पट्टीच्या कडेने घेतला जातो, म्हणजे सांधा त्या रेषेत लपतो. करवतीच्या पात्याच्या जाडीइतका भाग वाया जातो. हे लक्षात घेऊन आखलेल्या रेषेच्या किंचित बाहेरून कापून उरलेले कानशीने घासून काढतात. भिंती, तळ आणि छत यांचे सांधे एकाच रेषेत आल्यास डबा तेथेच वाकतो किंवा मोडतो. म्हणून ते एकमेकांपासून काही अंतरावर ठेवतात. प्रत्येक सांध्याला आतून प्लॅस्टिकची रुंद पट्टी चिकटवून आधार दिला जातो.

=== प्रकार बदलणे ===

सामान्य प्रवासी डब्याचे गार्डच्या डब्यात रूपांतर हे सर्वांत प्रचलित आहे. एका टोकाच्या दोन-तीन खिडक्या बुजवून तेथे सामानासाठी दुपाखी दार, गार्डला गाडीच्या दोन्ही बाजू पाहता याव्यात म्हणून बाहेर आलेला झरोका आणि आत हातब्रेकचे चाक बसवले जाते. दोन्ही टोकांना सज्जे असलेल्या युरोपीय धाटणीच्या डब्याचे सज्जे काढून, कप्प्याकप्प्याला स्वतंत्र दार असलेला ब्रिटिश धाटणीचा डबाही करता येतो. मात्र त्यासाठी बाजूच्या भिंती नव्याने कापाव्या लागतात. अशा वेळी मूळ डब्याचे फक्त छत, तळ आणि बोगी उरतात.

=== गेज बदलणे ===

४५ मिमी गेजचा डबा ३२ मिमी रुळांवर आणण्यासाठी आस आणि चाके बदलतात. चाकांच्या आतल्या बाजूंमधील अंतर ४५ मिमी गेजसाठी सुमारे ४० मिमी आणि ३२ मिमी गेजसाठी सुमारे २८ मिमी ठेवले जाते. हे अंतर कमी-जास्त झाल्यास डबा सरळ रुळावर नीट धावतो, परंतु सांधेबदलावर घसरतो.

== चाके, बोगी आणि जोडणी ==

स्वस्त डब्यांना प्लॅस्टिकची चाके असतात. त्यांच्या जागी धातूची चाके बसवल्यास वजन खालच्या बाजूस येते, डबा स्थिर धावतो आणि रुळांवर मळ कमी साचतो. रुळांतून वीजपुरवठा होत असल्यास दोन्ही चाके एकमेकांपासून विद्युतदृष्ट्या विलग असणे अनिवार्य आहे. अन्यथा लघुपरिपथ होतो. वाफेच्या किंवा बॅटरीवरील गाड्यांना ही अट लागू नाही.

बागेतील रूळ पाऊस, मुळे आणि मातीच्या हालचालींमुळे कधीच पूर्ण सपाट राहत नाहीत. त्यामुळे डब्याला तीन बिंदूंचा आधार दिला जातो. एक बोगी पुढे-मागे कलू शकते पण बाजूला डोलू शकत नाही. दुसरीला दोन्ही दिशांनी डोलण्याची मुभा असते. तीन पायांची तिवई जशी उंचसखल जमिनीवरही डुगडुगत नाही, तसा असा डबा आठही चाकांनी रुळांना धरून राहतो. दोन्ही बोगी घट्ट बसवल्यास रूळ थोडा जरी मुरगळला तरी एक चाक उचलले जाते.

जोडणी बोगीला किंवा डब्याच्या तळाला बसवता येते. तीव्र वळणांवर बोगीला बसवलेली जोडणी बोगीबरोबर वळत असल्याने सुरक्षित असते. तळाला बसवलेली जोडणी दिसायला अस्सल असते आणि गाडी मागून ढकलताना अधिक विश्वासार्ह ठरते. मात्र लांब डबे लहान वळणावर आल्यास ती शेजारच्या डब्याला रुळावरून खेचू शकते. जादा वजन घालायचे झाल्यास ते तळाशी आणि मध्यरेषेवर ठेवतात. जड छतामुळे गुरुत्वमध्य वर जातो आणि डबा कलंडण्याचा धोका वाढतो.

== उघड्या हवेचा परिणाम ==

उष्णतेने होणारे प्रसरण हे बागेतील डब्यांच्या बिघाडाचे एक मोठे कारण आहे. ५०० मिमी लांबीची प्लॅस्टिकची भिंत तापमानात ४० अंश सेल्सियसचा फरक पडल्यास सुमारे १.४ ते २ मिमीने लांबते. तेवढ्याच लांबीची पितळी तार मात्र सुमारे ०.४ मिमीने. म्हणून प्लॅस्टिकच्या भिंतीवर धातूचा लांब कठडा बसवताना तो एकाच टोकाला चिकटवून दुसरे टोक छिद्रात सरकते ठेवतात. दोन्ही टोके पक्की केल्यास कठडा वाकतो किंवा भिंतीला बाक येतो.

सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे पॉलिस्टायरिन पिवळे आणि ठिसूळ होते. रंगाचा आणि वार्निशचा थर त्याचे रक्षण करतो. साधे एमडीएफ ओलाव्याने फुगते. लाकडी डब्यांसाठी जलरोधक प्लायवुड वापरून कापलेल्या कडा वार्निशने बंद केल्या जातात. झटपट चिकटणारे सायनोॲक्रिलेट धक्क्याने सुटते. त्यामुळे भार सहन करणाऱ्या सांध्यांसाठी इपॉक्सी किंवा स्क्रू वापरतात. तळाला लहान छिद्रे ठेवल्यास आत शिरलेले पाणी निघून जाते. डबे शक्यतो कायमचे बाहेर न ठेवता चालवून झाल्यावर घरात आणले जातात.

== बाह्य तपशील ==

दारांच्या मुठी व कठडे पितळी तारेपासून, पायऱ्या पितळी पट्टीपासून आणि छतावरील हवेची झडपे नळीच्या तुकड्यांपासून तयार करता येतात. तारेला भिंतीत छिद्र पाडून आतून वळवल्यास ती हाताळणीत सुटत नाही. नुसती पृष्ठभागावर चिकटवलेली मूठ फार काळ टिकत नाही. डबा उचलताना बोटे जेथे पडतात, म्हणजे छताची कड आणि तळाची बाजू, तेथे नाजूक भाग बसवणे टाळले जाते.

खिडक्यांना ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटचे पातळ पत्रे लावतात. सायनोॲक्रिलेटच्या वाफेने पारदर्शक पत्र्यावर पांढरी साय धरत असल्याने येथे पांढऱ्या, सुकल्यावर पारदर्शक होणाऱ्या चिकटद्रव्याला पसंती असते. एखाद-दुसरी खिडकी अर्धी उघडी दाखवल्यास एकसुरीपणा मोडतो.

== अंतर्भाग आणि प्रकाशयोजना ==

उद्यान रेल्वेकडे बहुधा वरून पाहिले जात असले, तरी मोठ्या प्रमाणामुळे खिडक्यांतून आतला भाग स्पष्ट दिसतो. कप्प्यांच्या भिंती आणि आसने वेगळ्या पट्टीवर बांधून ती पट्टी डब्यात सरकवण्याची पद्धत सोयीची असते. बसलेल्या प्रवाशांचे गुडघे समोरच्या आसनाला लागत असल्यास आकृत्यांचे पाय खिडकीच्या खालच्या पातळीत कापले जातात; बाहेरून ते दिसत नाही. छत चुंबकांनी किंवा स्क्रूने काढता-घालता येईल असे ठेवणे आवश्यक असते, कारण सुटलेला प्रवासी किंवा संपलेली बॅटरी यांसाठी ते केव्हातरी उघडावेच लागते.

दिव्यांसाठी पिवळसर पांढरे एलईडी वापरले जातात. ९ व्होल्टची बॅटरी आणि सुमारे ३ व्होल्टचा एलईडी असल्यास १० मिलिॲम्पिअर प्रवाहासाठी ६०० ओहमचा रोध लागतो. त्यानंतरचे प्रमाणित मूल्य, म्हणजे ६२० किंवा ६८० ओहम, निवडतात. बॅटरी गार्डच्या कप्प्यात लपवली जाते. छताखाली चुंबकीय रीड स्विच बसवल्यास बाहेरून चुंबक फिरवून दिवे लावता येतात आणि बाहेर बटण दिसत नाही. तेलाच्या दिव्यांच्या काळातील डब्यात प्रत्येक कप्प्याला एकच मंद दिवा दाखवणे काळाशी सुसंगत ठरते. झगझगीत प्रकाशामुळे चांगला डबाही खेळण्यासारखा दिसतो.

== रंगकाम ==

रंगापूर्वी डबा साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन तेलकटपणा काढतात आणि प्रायमरचा करडा थर देतात. करड्या थरावर सांध्यातील खाचा आणि ओरखडे उठून दिसतात, त्यामुळे दुरुस्तीची ही अखेरची संधी असते. दोन रंगांचा डबा असल्यास फिकट रंग आधी देऊन तो पूर्ण वाळल्यावर मास्किंग टेप लावून गडद रंग देतात. अक्षरे व क्रमांक पाण्याने उतरणाऱ्या चित्रपट्ट्यांनी लावून त्यांवर अतिनीलरोधक मंद चकाकीचे वार्निश मारले जाते. गडद छत उन्हात अधिक तापते आणि प्लॅस्टिकला पीळ पडू शकतो. म्हणून फिकट करडा रंग व्यावहारिक ठरतो. पांढऱ्या रंगाची जुन्या डब्यांची छतेही धुराने लवकरच करडी पडत असल्याने तो इतिहासाला धरूनही असतो.

द्रावके व फवारणीचे रंग वापरताना खेळती हवा आणि प्लॅस्टिक, राळ किंवा एमडीएफ घासताना धूळरोधक मुखपट्टी आवश्यक असते.

== तपशिलाची मर्यादा ==

किती तपशील पुरेसा, याबाबत छांदिष्टांत दोन मते आढळतात. एका मतानुसार मूळ डब्यावर असलेला प्रत्येक खिळाही प्रतिकृतीत असावा. दुसऱ्या मतानुसार धावत्या गाडीकडे ज्या अंतरावरून पाहिले जाते त्या अंतरावर जे दिसते तेवढेच दाखवावे. १:१९ प्रमाणातील गाडी ३ मीटरवरून पाहणे म्हणजे खरी गाडी ५७ मीटरवरून पाहणे होय. त्या अंतरावर २५ मिमी जाडीची मूठ, म्हणजे प्रतिकृतीतील १.३ मिमीचा भाग, जेमतेम जाणवते. छताची वक्रता, खिडक्यांची लय, रंगाची छटा आणि वळणावरील संथ डौल मात्र लगेच नजरेत भरतात. त्यामुळे प्रदर्शनात मांडायच्या आणि रोज चालवायच्या डब्यांसाठी वेगवेगळे निकष लावले जातात.

== भारतीय रेल्वेंच्या प्रतिकृती ==

भारतातील डोंगरी व नॅरोगेज रेल्वे या छंदात लोकप्रिय विषय आहेत. दार्जिलिंग हिमालयीन रेल्वे आणि १९०७ मध्ये सुरू झालेली नेरळ–माथेरान रेल्वे या दोन्ही २ फूट गेजच्या असल्याने त्या १:१९ प्रमाणात ३२ मिमी रुळांवर अचूक बसतात. डोंगरातील तीव्र वळणांमुळे त्यांचे मूळ डबेच आखूड आहेत, म्हणून त्यांची लांबी घटवण्याची गरज कमी भासते. भारतीय ब्रॉडगेजची (१,६७६ मिमी) स्थिती उलट आहे. १:३२ प्रमाणात त्याचे गेज सुमारे ५२ मिमी व्हायला हवे; ४५ मिमी रुळांवर ते डबे ठेवल्यास रूळ अरुंद भासतात.

२ फूट ६ इंच (७६२ मिमी) गेजच्या रेल्वेंपैकी १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचे या संदर्भात विशेष महत्त्व आहे. तिचे अभियंता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनीच पुढे इंग्लंडमधील लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वे (१९०४–१९३४) उभारली. तेथील बोगीवरील, टोकाला सज्जे असलेल्या फिकट पिवळ्या डब्यांची आणि मोठ्या दर्शनी दिव्यांच्या इंजिनांची ठेवण भारतीय वळणाची होती. हे गेज १:१९ प्रमाणात ४० मिमी येते, म्हणजे ३२ आणि ४५ मिमी यांपैकी कशातच बसत नाही. १:२४ प्रमाण घेतल्यास मात्र ते ३२ मिमी रुळांशी जवळजवळ तंतोतंत जुळते. त्यामुळे बार्शी किंवा लीकचा डबा करणाऱ्याला, इतर गाड्यांशी मेळ राखणारे १:१९ प्रमाण घ्यावे की रुळांशी जुळणारे १:२४, हा निर्णय पहिला काप घेण्यापूर्वीच करावा लागतो.